दुरुस्ते सरांचा फावला वेळ

दुरुस्ते हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव चारचौघांसारखं होतं, पण ते सावेडीतल्या आमच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटच्या पगारपत्रकाबाहेर कुठे उरलंच नव्हतं. कुणा चिडलेल्या विद्यार्थ्यानं त्यांना दुरुस्ते म्हटलं आणि ते इतकं घट्ट बसलं की पुढे पोस्टमनसुद्धा "दुरुस्ते सर इथंच का?" असं विचारायला लागला. सरांना हे ठाऊक होतं. त्यांनी एकदाच हरकत घेतली, तीही नावाला नाही. फळ्यावर कुणीतरी 'दुरूस्ते' असा दीर्घ रू काढून लिहिलं होतं. सरांनी खडूनं तो ऱ्हस्व केला आणि तास सुरू केला.

आपल्याला शिंक यावी तशी त्यांना दुरुस्ती येई. जागा, वेळ, प्रसंग काही बघायची नाही. इन्स्टिट्यूटच्या मालकांचे वडील वारले तेव्हा आम्ही सगळे मिळून भेटायला गेलो. भिंतीशी हार घातलेला फोटो, खाली 'अखेरचा नीरोप' असा बोर्ड, समोर मालक डोक्याचा गोटा करून बसलेले. सरांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले, आणि मालकांच्या कानाशी वाकून म्हणाले, "निरोपमधला नि ऱ्हस्व पाहिजे. बोर्डवर दीर्घ पडलाय."

"मानूस गेल्याचं दुःख एकीकडं," मालक नंतर मला म्हणाले, "आन ह्यो बाबा येलांट्या मोजतोय."

मी सरांच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक खोली भाड्यानं घेऊन राहायचो. मूळचा मी पुणतांब्याचा. नगरला या इन्स्टिट्यूटमध्ये हिशेबाचं पॅकेज आणि टायपिंग शिकवायचो आणि सुट्टीला गावी जायचो. सरांच्या घरातलं बोलणं जिन्यातून सरळ खाली येई. वहिनी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. एका सकाळी त्या म्हणाल्या, "अहो, नळाला पाणी नाही."

"तू नेमकं काय केलंस?"

"नळ सोडला."

"काय होईल अशी अपेक्षा होती?"

वर बादली आपटल्याचा आवाज. मग, "पाणी येईल अशी."

"आणि प्रत्यक्षात काय झालं?"

"प्रत्यक्षात," वहिनी म्हणाल्या, "माझं लग्न झालं."

ही तीन प्रश्नांची पद्धत सरांनी परदेशातून घेतली होती, आणि ती घेण्यामागे त्यांचं ते सुप्रसिद्ध फावल्या वेळातलं काम होतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नगरमध्ये कॉम्प्युटर म्हणजे एसी खोलीत, चपला बाहेर काढून, हात मागे बांधून बघायची वस्तू. त्या काळात सरांना असं कळलं की जगात काही लोक प्रोग्राम लिहितात आणि त्याची मूळ लिखावट कुलपात न ठेवता सगळ्यांसाठी उघडी टाकतात. ज्याला हवं त्यानं वाचावं, सुधारावं, पुढे वाटावं. कुणी कुणाला ओळखत नाही, कुणी कुणाचा नोकर नाही, सगळं आपखुशीनं. अशा कामांतलं एक सरांनी निवडलं. ते होतं एक हत्यार, डीबगर नावाचं. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढायला ते वापरतात. माणसाला त्याच्या स्वभावाचं काम मिळणं ही किती भाग्याची गोष्ट आहे, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं. दुसऱ्यांच्या चुका काढण्याच्या हत्यारातल्या चुका काढायच्या! सर न्हाऊन निघाले.

हा फावला वेळ सरांकडे कुठून येई, हे मात्र सांगायला हवं. तो आमचा असे. इन्स्टिट्यूटमध्ये फोन एक आणि मोडेम एक. सर त्यावरून पुण्याला एसटीडी लावून आपली पत्रं पाठवत आणि आलेली उतरवून घेत. तेवढा वेळ फोन अडकलेला. प्रवेशाची चौकशी करायला आलेल्या पालकांना आतून बेडकांच्या भांडणासारखा आवाज ऐकू येई. ब्राझीलमधल्या कुठल्याशा विद्यार्थ्याची शंका आली की सर त्याला पानंच्या पानं उत्तर लिहीत, उदाहरणांसकट. आमचा विद्यार्थी वही घेऊन शेजारी उभा असे. त्याच्या शंकेला सर मान न वळवता एका शब्दात उत्तर देत: "वाचा."

मालक आधी पाण्याच्या मोटारी विकायचे. कॉम्प्युटरला दिवस चांगले येणार हे त्यांनी वेळेत ओळखलं होतं, बाकी त्यातलं त्यांना काही कळत नाही हे ते स्वतःच सांगत. एकदा त्यांनी सरांना समोर बसवून विचारलं.

"सर, हे तुमी कोनासाठी करता?"

"जगासाठी."

"जगानं सांगितलंय व्हय?"

"सांगावं लागत नाही. हे स्वयंसेवी काम आहे. फावल्या वेळातलं."

मालकांनी मान हलवली. "बरं. मग जगात नगर येतं का न्हाई?"

सरांनी प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला. "तत्त्वतः येतं," ते म्हणाले.

तत्त्वतः सर आपलं हत्यार आम्हालाही वाटायला तयार होते. कुणीही मागावं, ते हत्यार फ्लॉपीवर घालून देईन, असं त्यांनी जाहीर केलं होतं. फक्त एक अट होती. घेणाऱ्यानं आधी त्याचा परवाना वाचायचा, पूर्ण, इंग्रजीतून, सरांसमोर, मोठ्यानं. कारण लोक त्या वस्तूला 'फुकट' म्हणत आणि सरांच्या मस्तकात तिडीक जाई. "फुकट नाही. मुक्त! फुकटात आणि मुक्तमध्ये फरक आहे." तो फरक ते समजावून सांगू लागले की माणूस पहिल्या पाच मिनिटांत घड्याळ बघे आणि दहाव्या मिनिटाला त्याला गावाहून कुणीतरी आलेलं आठवे. इतकी वर्षं सरांनी जगाला वाटलेली ती वस्तू नगर शहरात एकाही माणसानं घेतली नाही.

आणि हेच सर, जे इन्स्टिट्यूटच्या मालकांना, नगरपालिकेला आणि सासऱ्यांना मोजत नसत, ते हॉलंडमधल्या एका माणसापुढे गोगलगाय होत. तो त्या कामाचा मुख्य. कुणाची दुरुस्ती घ्यायची आणि कुणाची नाही, हे तो ठरवी. सरांनी पाठवलेलं त्यानं कितीदा तरी परत पाठवलं. एकदा तर ओळीच्या सुरुवातीला जागा जास्त सोडली म्हणून. आमच्यापैकी कुणी असं म्हटलं असतं तर सरांनी आठवडाभर अबोला धरला असता. इथे ते खाली मान घालून जागा कमी करत बसले. तिथे मालक नाही, नोकर नाही, सगळे समान, असं ते आम्हाला सांगत, आणि त्या माणसाचा उल्लेख 'साहेब' असा करत.

अखेर एक दिवस साहेबाचं उत्तर आलं. उत्तर दोन शब्दांचं होतं: आभार, घेतलं. सर तडक चितळे रोडला गेले आणि पेढे घेऊन आले. आता पेढे म्हटल्यावर माणसं अर्थ लावणारच. टायपिंगच्या बाईंना वाटलं वहिनींना दिवस गेले. विद्यार्थ्यांना वाटलं सर अमेरिकेला चालले, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या जरा जास्तच जोरात होत्या. मालकांना वाटलं हॉलंडच्या कंपनीचं काम मिळालं. ते पेढा तोंडात धरून म्हणाले, "किती मानसं लागतील? आपन दुसरी शिफ्ट काढू."

सरांनी खुलासा केला, की त्यांनी सुचवलेल्या चार ओळी आता त्या प्रोग्राममध्ये राहतील.

"म्हंजी त्यांनी काय दिलं?"

"काही नाही. मी दिलं."

मालकांनी उरलेला अर्धा पेढा कागदात ठेवला.

असं सगळं सुखात चाललेलं असताना कारखान्याचं प्रकरण झालं.

आमच्या जिल्ह्याच्या उत्तर भागातला एक साखर कारखाना. नाव सांगत नाही. गळीत हंगाम ऐन भरात होता आणि उसाच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद पडला. सुरू करावा, पुन्हा बंद. प्रोग्राम लिहून देणारा ठेकेदार परगावी, त्याचा पत्ता लागेना. त्या कारखान्याच्या कर्मचाऱ्यांना शिकवायचं काम आपल्या इन्स्टिट्यूटला मिळावं म्हणून मालक वर्षभर चेअरमनच्या मागे होते. त्यांना ही देवानं दिलेली संधी वाटली. त्यांनी जीप बोलावली, सरांना बसवलं, आणि मला त्या भागातला म्हणून सोबत धाडलं. निघताना माझा दंड धरून म्हणाले, "ह्याला बोलू देऊ नका. नुस्तं काम करू द्या."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. फाट्यापासूनच उसाच्या गाड्या उभ्या. बैलगाड्या, ट्रॅक्टर, मध्येच एखादा ट्रक. तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि वजनाला घटतो. गाडीमागचा शेतकरी आपला ऊस घामासारखा उडून जाताना बघत होता. बैल सोडून गाडीखाली बसलेले गाडीवान जीपकडे बघून ओरडत होते. त्या गर्दीत मला आमचे तात्या दिसले. तात्या म्हणजे माझे सख्खे चुलते, पुणतांब्याच्या दूध डेअरीचे चेअरमन आणि गावात ज्यांच्याशिवाय पान हलत नाही असे. त्यांचेही दोन ट्रॅक्टर रांगेत होते.

"हा मानूस करील का रं काटा चालू?" त्यांनी मला विचारलं.

"करतील. पण त्यांना घाई करू नका."

काटाघरात कारखान्याचे चेअरमन स्वतः हजर होते. पांढरे कपडे, शांत आवाज. त्यांनी चहा मागवला. सरांनी चहाकडे बघितलं नाही. कारकुनाला म्हणाले, "नेमकं काय केलंत?"

कारकून घाबराघुबरा. हळूहळू त्यानं सांगितलं. सकाळी एक गाडीवान आपली विसरलेली पावती न्यायला रिकामी गाडी घेऊन आला आणि चुकून भरल्या गाड्यांच्या रांगेत घुसला. कारकुनानं सवयीप्रमाणे गाडी भरलेली समजून वजन घेतलं. मग चूक लक्षात आली, तेव्हा रिकाम्या गाडीचं म्हणून तेच वजन पुन्हा घेतलं. तेव्हापासून प्रोग्राम उठतो आणि त्याच नोंदीवर पडतो.

"काय व्हायला हवं होतं?" सरांनी विचारलं.

"शून्य यायला हवं होतं, साहेब. गाडीत ऊसच न्हवता."

सरांचे डोळे चकाकले. त्यांनी पिशवीतून आपल्या फ्लॉप्या काढल्या आणि ते बसले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी सुंदर म्हटलं नसतं, पण त्या दुपारी ते कामाला भिडलेले बघायला बरं वाटत होतं. बाहेर बैलांच्या घंटा, शिव्या, मळीचा वास. आत हा माणूस दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये एकेक पाऊल टाकत चालला होता, अनोळखी घरात दिवा घेऊन फिरावं तसा. खिडकीच्या गजांना तात्या आणि दहा-बारा शेतकरी लगडले होते.

बऱ्याच वेळानं सर मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर किळस आली होती.

"किती घाणेरडं लिहिलंय," ते म्हणाले.

"सापडलं का?" चेअरमननी विचारलं.

"सापडलं. भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा केली की उसाचं वजन येतं. इथपर्यंत बरोबर. पण कारकुनानं हे एक बटण दाबलं, की प्रोग्राम त्यातून अजून थोडं वजन कापतो. कापताना, वजन शिल्लक आहे का, हे बघतच नाही. शून्यातून कापायला गेला, उणे आकडा आला, आणि अडकला. ती नोंद बाजूला ठेवलीय, आता काटा चालेल; साधी तपासणी घातली असती तर हे झालंच नसतं." मग ते खेदानं म्हणाले, "चोरीसुद्धा नीट लिहिता येत नाही लोकांना."

कारकून एकदम पावत्या चाळू लागला. चेअरमन हळूच म्हणाले, "सर, चालू झालं ना? मग बास. बाकीचं आपण चहा घेता घेता बोलू."

मी सरांचा शर्ट ओढला. पण सरांना वाटलं की चेअरमनना मुद्दा कळला नाही. ते आवाज चढवून, प्रत्येक शब्द सुटा करून पुन्हा म्हणाले, "ही चूक नाही. हे जाणूनबुजून लिहिलेलं आहे. चूक फक्त रिकाम्या गाडीची झाली."

खिडकीशी एक म्हातारा गाडीवान होता. त्याला सगळ्यांच्या आधी उमगलं.

"आरं तिच्या मायला," तो म्हणाला, "रिकाम्या गाडीतून बी ऊस काढला व्हय रं!"

ते वाक्य रांगेच्या शेवटपर्यंत जीपपेक्षा लवकर गेलं. पाच मिनिटांत काटाघराला गराडा पडला. चेअरमन मागच्या दारानं निघून गेले. तात्या एका ट्रॉलीवर चढले आणि त्यांनी सरांनाही वर ओढलं. आयुष्यात पहिल्यांदाच सरांपुढे त्यांचं ऐकायला जमलेली माणसं होती, आणि त्यातल्या एकालाही गावाहून आलेला पाहुणा आठवत नव्हता.

"सर, ह्याला विलाज काय?" तात्यांनी विचारलं.

"प्रोग्रामची मूळ लिखावट उघडी पाहिजे," सर म्हणाले. "ज्याचा ऊस आहे त्याला ती बघता आली पाहिजे."

"म्हंजी काटा कुनी बी उघडून बघावा, असंच ना?"

"होय!"

"काटा उघडा!" तात्या गरजले. "काटा उघडा!" गर्दी गरजली. सावेडीत जे तीन वर्षांत एकाच्या डोक्यात शिरलं नाही ते इथे हजार माणसांना एका दमात कळलं. सरांनी एवढ्यावर खाली उतरायला हवं होतं. पण त्यांनी हात वर केला. "मात्र नुसतं उघडून बघणं पुरेसं नाही. वापरण्याचं, बघण्याचं, बदलण्याचं आणि वाटण्याचं, अशी चार वेगवेगळी स्वातंत्र्यं आहेत. पहिल्याचा अर्थ..." तिसऱ्यापर्यंत गर्दी ट्रॅक्टरकडे वळली होती. चौथं त्यांनी मला सांगितलं.

तरीही काही आठवडे सर त्या भागाचे देव होते. त्यांना हार घातले, एका गावात फेटा बांधला, एका गावात सत्काराच्या फलकावर 'संगणकतज्ञ' लिहिलं होतं, तर 'ज्ञ'च्या आधी अजून एक 'ज्' लागतो हे सरांनी भाषणात फोड करून सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "हे बोलत असताना लोक टाळ्या वाजवतात हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर विश्वास ठेवला नसता."

मग चौकशी लागली. नगरच्या एका सरकारी कचेरीत सुनावणी होती आणि सगळी मदार सरांवर. तात्या पन्नास माणसं घेऊन आले होते. आत जाण्यापूर्वी त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, कारकून बटन दाबत हुता, एवढं म्हना. बास. पुढचं आमी बघतो."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "या प्रोग्राममुळे शेतकऱ्यांच्या उसाचं वजन कमी भरत होतं का?"

"बटण दाबलं तर," सर म्हणाले.

"कारकून ते बटण दाबत होता का?"

"ते मी पाहिलेलं नाही."

तात्या बाकावरून अर्धे उठले. "सर!"

"रिकाम्या गाडीच्या वेळी एकदा दाबलं गेलं, हे निश्चित," सर म्हणाले. "त्याआधी किती वेळा, ते प्रोग्राम कुठे लिहून ठेवत नाही. अंदाज करता येईल. पण अंदाज म्हणजे माहिती नव्हे."

कारखान्याच्या वकिलाला सरांचे पाय धरावेसे वाटले असतील. एकदाच दाबलं गेलं, तेही रिकाम्या गाडीला, म्हणजे नुकसान कुणाचंच नाही. निकालात 'तांत्रिक दोष' असे शब्द आले. सर त्यावर संतापले. अन्यायामुळे, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "दोष काय म्हणतात? प्रोग्राम सांगितलं तसाच चालला होता!"

बाहेर आवारात तात्यांनी त्यांना गाठलं. रागानं त्यांचा आवाज फाटला होता. "सर, तुमच्यामुळं चोरी उघडी पडली आन तुमच्यामुळंच केस गेली. आता तुमाला हार घालू का हानू?"

सरांनी चष्मा पुसला. "हे दोन स्वतंत्र मुद्दे आहेत, तात्या. एकत्र करू नका."

तात्या बघत राहिले आणि मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता ते पायरीवर बसले.

आमचे मालक हसले नाहीत. कारखान्याचं शिकवण्याचं काम हातचं गेलं होतं, आणि चेअरमननी आपल्या पै-पाहुण्यांनाही या इन्स्टिट्यूटकडे फिरकू नका म्हणून सांगितलं होतं. मालकांनी सरांना बोलावलं, पाणी दिलं, आणि मोटारी विकतानाच्या गोड आवाजात म्हणाले, "सर, तुमी मानूस सोन्यासारखे. उद्यापास्नं तुमचा सगळाच वेळ फावला."

नोकरी गेल्याचं सरांना फारसं वाटलं नाही. वहिनींचा पगार होता. मोडेम गेला, याचं वाटलं. हॉलंडशी संबंध तुटला. ते दिवसभर खोलीत येरझाऱ्या घालत आणि वहिनींच्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत. वहिनी एकदा जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना कुठेतरी फोन मिळवून द्या हो. पोरं रडतात माझी. पहिलीतली आहेत ती."

मी तात्यांना सांगितलं. तात्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "आपल्या डेअरीत हाय की फोन. एसटीडी हाय. येऊ द्या सरांना. केस गेली ती गेली, पन असा खरं बोलनारा मानूस दारात असलेला चांगला."

मग आठवड्यातून दोनदा सर एसटीनं पुणतांब्याला येऊ लागले. पुण्यातल्या कुणीतरी कंपनी बदलताना दिलेला जुना मोडेम पिशवीत, आणि मी इन्स्टिट्यूटच्या मोडीतून आणलेला कॉम्प्युटर डेअरीच्या कोपऱ्यात. दुधाच्या कॅनांमध्ये बसून ते हॉलंडच्या साहेबाला दुरुस्त्या पाठवत. रांगेतले लोक कौतुकानं बघत. "लागलं का सर हॉलंड?" असं विचारत. त्या काळात सर खरोखर सुखी होते.

पण फोन लागेपर्यंत वेळ जाई, आणि रिकाम्या वेळी माणूस इकडेतिकडे बघणारच. शेजारीच दुधाची फॅट मोजायचं यंत्र होतं. डेअरीचा सचिव म्हणजे तात्यांचा थोरला मुलगा, माझा चुलतभाऊ. तो दूध यंत्रात घाली, आकडा वाचून मोठ्यानं ओरडे आणि खात्यावर चढवी. ज्याच्या दुधाला फॅट जास्त, त्याला भाव जास्त. सर दोनतीन फेऱ्या नुसते बघत होते. एका संध्याकाळी सुट्टीला आलेला मीही तिथे होतो. सचिवानं आकडा पुकारला आणि सर जागेवरूनच म्हणाले, "चुकलं."

"काय चुकलं, सर?"

"यंत्रावर जास्त आहे. तुम्ही कमी बोललात. मगाशीही कमी बोललात. परवाही." ते विचारात पडले. "यंत्र बरोबर आहे. तोंड चुकतंय."

रांगेतले लोक यंत्राकडे वाकून बघू लागले. सचिव माझ्याकडे बघायला लागला. सर न्यायी माणूस. त्यांनी दुसरी बाजूही मांडली. "प्रत्येकाचं कमी नाही सांगत, हेही खरं. तात्यांच्या घरचं दूध असलं की जास्त सांगतात."

पुढच्या वेळी सर आले तेव्हा तात्या स्वतः फोनच्या टेबलाशी खुर्ची टाकून बसले होते. बाहेर दुधाची रांग लागली होती. सरांनी पिशवी खाली ठेवली आणि मोडेम बाहेर काढला.

"सर, फोन बंद हाय," तात्या म्हणाले.

"कधीपासून?"

"आजपास्नं."

तेवढ्यात फोन वाजला. तात्यांच्या कोपराशी, खणखणीत. तात्यांनी तो उचलला नाही. सचिवानं उचलला नाही. मी तात्यांचा पुतण्या. मीही उचलला नाही. तो वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

सरांनी फोनकडे बघितलं, मग तात्यांकडे. तात्यांनी मान वळवली. "तुमी हुशार मानूस हात, सर," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "तुमाला कळायला पायजे."

सरांनी मोडेम पुन्हा पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि रांगेच्या कडेनं दाराकडे निघाले. त्या रांगेत एक बाई होती, नदीच्या अंगाला एका म्हशीवर संसार रेटणारी. तिनं पदर खोचला आणि किटली त्यांच्या आडवी धरली.

"सर, यष्टीला अजून येळ हाय," ती म्हणाली. "जाता जाता माजं फॅट तेवढं वाचून दावा."

सर थांबले. आत फोन वाजतच होता. त्यांनी पिशवी दारातच ठेवली, मागे वळले, आणि सचिवाला हातानं बाजूला करून यंत्रावर वाकले. दूध घातलं, चष्मा नीट केला आणि आकडा मोठ्यानं वाचला, दशांशासकट. मागच्या बाईनं आपली किटली पुढे सरकवली.